हाल्मोनींचे हंस

"आमच्यात लग्नाचा विधी पाचशे वर्षांत तिळभरही बदललेला नाही," असं हाल्मोनींनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्या ओल्या स्पंजने एक प्लॅस्टिकची कोंबडी पुसत होत्या.

वाक्य गंभीर होतं आणि आवाज त्याहून गंभीर. कोंबडी मात्र हॉटेलांना काचेच्या कपाटात मांडायला खोटे पदार्थ पुरवणाऱ्या दुकानातली होती. लग्नानंतर नवरी सासूसासऱ्यांना वाकून नमस्कार करते, तेव्हा त्यांच्यापुढच्या मेजावर ही कोंबडी मांडायची असते. आपल्या रुखवतासारखाच प्रकार. फक्त आपल्या रुखवतातला किल्ला कोणी खायला मागत नाही.

"पाचशे वर्षांपूर्वी प्लॅस्टिक होतं?" मी विचारलं.

"कोंबडी होती," हाल्मोनी म्हणाल्या.

हाल्मोनी म्हणजे कोरियन भाषेत आजी. जपानमधल्या कावासाकी शहरात, आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत त्या खालच्या मजल्यावर राहत आणि इमारतीतले जपानी, ब्राझिलियन आणि आम्ही दोघं नवराबायको असे सगळेच त्यांना हाल्मोनी म्हणत. दारावरच्या पाटीवर आराई असं जपानी आडनाव होतं. खरं आडनाव पाक. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच कोरियन लोकांची अशी दोन आडनावं असतात, एक पाटीवरचं आणि एक घरातलं. त्या जन्मल्या जपानमध्ये, वाढल्या जपानमध्ये, आणि कोरियाला एकदाच जाऊन आल्या होत्या. "जेवण ठीक होतं," एवढाच त्यांचा मातृभूमीविषयीचा अभिप्राय.

बुटका बांधा, डोक्यावर घट्ट कुरळे केस, त्यावर उन्हाची टोपी, आणि टोपली लावलेली सायकल. त्या सायकलवरून त्या सगळ्या गल्लीवर नजर ठेवत. कचऱ्याच्या दिवशी कोणाच्या पिशवीत काच आणि कागद एकत्र निघाला, की पिशवी परत त्याच्या दारात. माझी पहिली पिशवी आमच्या चौथ्या मजल्यावर परत आली होती. वर चिठ्ठी वगैरे काही नाही. नुसती पिशवी, आणि जिना उतरणाऱ्या चपलांचा आवाज.

ओळख झाली ती मोठ्या भूकंपानंतरच्या वसंतात. तेव्हा लहान धक्के येतच होते, आणि प्रत्येकाने पळताना काय उचलायचं ते मनाशी ठरवून ठेवलेलं होतं. एका दुपारी जमीन हलली आणि मी जिना उतरून खाली आले, तेव्हा माझ्या हातात प्रेशर कुकर होता. हे मी ठरवलेलं नव्हतं. हाल्मोनी आधीच खाली उभ्या होत्या, छातीशी एक गाठोडं धरून.

"ते काय आहे? बाँब?" त्यांनी विचारलं.

"डाळ."

"गॅस बंद केलास?"

मी वर चौथ्या मजल्याकडे पाहिलं. त्यांनी गाठोडं माझ्या काखेत खुपसलं, चार मजले चढल्या, गॅस बंद केला, उतरल्या आणि गाठोडं परत घेतलं. मग त्या दिवसापासून मी त्यांची 'इंदो-सान', म्हणजे भारतबाई, झाले. माझं नाव त्यांनी एकदा विचारलं होतं, ऐकून घेतलं होतं, आणि ते लांब आहे असं ठरवून सोडून दिलं होतं.

"गाठोड्यात काय आहे?" मी विचारलं.

"नवराबायको."

आत दोन लाकडी पक्षी होते, एकाला लाल कापड गुंडाळलेलं, एकाला निळं. रानहंस एकदाच जोडी जमवतो आणि मरेपर्यंत टिकवतो, म्हणून कोरियन नवरदेव सासुरवाडीला हंस घेऊन जातो. पूर्वी जिवंत, आता लाकडी. (आपण हे काम सप्तपदीवर भागवतो आणि पक्ष्यांना त्रास देत नाही.) मोठ्या भूकंपात लालवाली कपाटावरून पडून तिची मान तुटली होती. हाल्मोनींनी ती फरशी चिकटवायच्या गोंदाने जोडली होती. गळ्याभोवती पांढरट वळ होता, मोत्यांची कंठी घातल्यासारखा.

"पासपोर्ट, बँकेचं पुस्तक नाही घेतलं?"

"ते ऑफिसात परत मिळतं," त्या म्हणाल्या. "हे कुठे मिळणार?"

हंसांच्या बाबतीत एक प्रथा अशी आहे की मादीची चोच रंगीत फितीने बांधायची. सुनेने सासरी फार बोलू नये, हा त्याचा अर्थ. हाल्मोनींच्या जोडीत फीत निळ्या नराच्या चोचीला होती. मी तसं दाखवून दिलं.

"प्रथा मादीचीच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण बोलायचा तोच जास्त."

"कोण?"

"माझा नवरा." मग फीत जरा घट्ट करून, "आमच्यात असंच. पाचशे वर्षं."

आसपासच्या कोरियन वस्तीत लग्न असलं की हाल्मोनींना बोलावणं यायचं. मोठ्या दोन बॅगा, एक घडीचा पडदा, एक चटई, लांब बाह्यांचे रेशमी पोशाख, कोंबडी आणि हंस. एवढ्या सामानावर कुठल्याही हॉलच्या कोपऱ्यात तासाभरात कोरिया उभा राहत असे. मला त्या मदतीला नेत. तिथे पडदा उघडणं आणि शक्यतो प्रश्न न विचारणं हे माझं काम.

एक प्रश्न मात्र मी बरेच दिवस मनात बाळगून होते. त्यांच्या विधीत नवरी मोठा नमस्कार करायला खाली बसू लागते आणि अर्ध्यात थांबते. गुडघे वाकलेले, हात कपाळाशी, दोन्ही बाजूंनी दोन बायकांनी धरलेलं, आणि सगळं स्तब्ध. मग पुढे. दुसऱ्या कुठल्याही कोरियन लग्नाच्या चित्रफितीत मला हा थांबा सापडला नाही. एकदा सोलहून आलेले एक प्राध्यापक अशा लग्नाला होते. तो थांबा पाहून ते इतके हलून गेले की त्यांनी तो तीन बाजूंनी चित्रित केला आणि जेवताना आम्हा सगळ्यांना सांगितलं की मुख्य भूमीवर लोप पावलेली ही एखाद्या प्रांताची जुनी रीत असावी. परदेशी गेलेल्या लोकांनीच ती जपली. हाल्मोनींनी मान खाली घालून ऐकलं आणि त्यांना आणखी भात वाढला.

या सगळ्यात एक गोष्ट हाल्मोनी कधी बोलत नसत. ती म्हणजे मिका.

मिका त्यांची नात. तिचे आईवडील ती लहान असतानाच वेगळे झाले आणि वेगवेगळ्या गावी गेले. मिका हाल्मोनींकडे राहिली आणि तिथेच मोठी झाली. आता ती एका कंपनीत नोकरी करत होती, आणि केन्ता नावाच्या एका जपानी मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता. त्याचे आईवडील, ओगावा दांपत्य, त्सुकुबाला राहत. वडील तिथल्या एका संस्थेत आयुष्यभर पक्ष्यांचा अभ्यास करून निवृत्त झालेले. मुलगी कोरियन आहे हे त्यांना माहीत होतं, आणि ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. आता हे मन मोठं असल्यामुळे, की विषय टाळायचा म्हणून, हे जपानी माणसाच्या चेहऱ्यावरून कळत नाही. मिकालाही कळत नव्हतं.

"हॉटेलात चॅपलमध्ये लग्न करतोय," एका रविवारी ती आजीला म्हणाली. मी तिथेच ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. "पांढरा ड्रेस. बाकी काही नाही."

"बरं," हाल्मोनी म्हणाल्या.

"तुझी ती कोंबडीबिंबडी नको."

"बरं म्हटलं ना."

"केन्ताच्या घरी लोक येतात-जातात, हाल्मोनी. त्यांना उगाच अवघडल्यासारखं व्हायला नको."

"कोंबडीला कुठे जायचंय? ती बसली आहे तिथे बसेल."

मिका गेल्यावर हाल्मोनींनी विधीच्या मेजावर लागणाऱ्या चेस्टनटची पिशवी काढली आणि सोलायला बसल्या. लग्नाला अजून कित्येक महिने होते. गल्लीतल्या सगळ्यांच्या मुलींना त्यांनी स्वतःच्या हाताने सासूसासऱ्यांपुढे बसवलं होतं, आणि घरातली एकच मुलगी तशीच जाणार होती. त्या तसं म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सोललेले टिकत नाहीत. तू घेऊन जा."

आम्ही आठवडाभर डाळीत चेस्टनट खाल्ले.

चित्र पालटलं ते कबुतरांमुळे. हॉटेलवाल्यांनी मिका आणि केन्ताला पॅकेज समजावून दिलं. त्यात चॅपल होतं, जे रविवारी चॅपल आणि एरवी सेमिनारची खोली असे. पाद्री होता, जो शनिवार-रविवार पाद्री आणि इतर दिवशी स्टेशनजवळ इंग्रजी संभाषण शिकवायचा. शेवटी आकाशात सोडायची पांढरी कबुतरं होती, जी संध्याकाळी आपापल्या घरी परत जात आणि पुढच्या रविवारी पुन्हा कामावर येत. केन्ताने अगदी भाबडेपणाने विचारलं, "ही कबुतरं कुठल्या धर्मातली?" हॉटेलच्या बाईंनी फाइल चाळली. फाइलमध्ये ते नव्हतं.

त्या संध्याकाळी मिका आली आणि दारातूनच म्हणाली, "भाड्याची कबुतरं चालतात, तर तुझे हंस का नाही चालणार? अर्धा तास. बाजूच्या छोट्या खोलीत. केन्ता त्याच्या आईबाबांना सांगेल. पण फोटो काढायचे नाहीत."

"फोटो कशाला?" हाल्मोनी म्हणाल्या. "पाचशे वर्षांपूर्वी कॅमेरे होते का?"

पाठ वळवून त्यांनी कोंबडी काढली आणि जरुरीपेक्षा बराच वेळ पुसली.

आता नवरीला दोन्ही बाजूंनी धरायला दोन बायका लागतात, आणि त्या कशा असाव्यात याचे नियम आहेत. एक हाल्मोनींची मैत्रीण ठरली. दुसरीसाठी त्यांनी माझी तपासणी केली.

"नवरा जिवंत आहे?"

"तुम्ही काल जिन्यात त्याला ओरडलात."

"मारतो का?"

"नाही."

"मग चालेल."

थोडक्यात, मी सवाष्ण म्हणून निवडली गेले. मी नोंदणी पद्धतीने लग्न केलेली बाई. पुण्यात हळदीकुंकवाची बोलावणी मी तत्त्व म्हणून टाळत आले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सख्ख्या मावशीकडे यायला तुला तत्त्वं आडवी येतात, आणि त्या कोरियन बाईकडे बरी निघालीस!"

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा चेस्टनट सोलत बसलो, या वेळी खरोखर विधीसाठी. मी सहज विचारलं, "हाल्मोनी, तुमचं लग्न कसं झालं?"

"नवऱ्याने सायकल आणली. मी मागे बसले. पाऊस होता. झालं."

"आणि विधी?"

"विधीला घर लागतं, इंदो-सान. आमच्याकडे छप्पर होतं."

"मग हे सगळं शिकलात कुठे?"

त्यांनी सुरी पुसली. "भाड्याची कॅसेट मिळायची. राजाराण्यांची कोरियन मालिका. त्यात एक लग्न होतं. मी पुढेमागे करून बघितलं."

माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत गेला. "आणि नवरी अर्ध्यात थांबते ते?"

"ते गांभीर्य आहे."

"हाल्मोनी."

"कॅसेट तिथे अडकायची," त्या म्हणाल्या. "पण दिसतं छान."

सोलच्या प्राध्यापकांचं काय, हे विचारायचं मी टाळलं.

दुसऱ्या दिवशी चॅपल झालं, कबुतरं झाली, आणि आम्ही बाजूच्या खोलीत पडदा उभा केला. पडद्यापुढे मेज, त्यावर कोंबडी, चेस्टनटचा ढीग आणि सुकी लाल बोरं. मेजामागे, पडद्याला पाठ करून, ओगावा दांपत्य गुडघे दुमडून बसलं. विधीपूर्वी केन्ताच्या वडिलांनी, ओगावा-सानांनी, निळा हंस उचलला, उलटा करून पाहिला, मग लाल पाहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बंद केलं. मला वाटलं, झालं. यांना हे सगळं पोरकट वाटतंय. मिकानेही ते पाहिलं. लांब बाह्यांत लपलेल्या तिच्या हाताने माझा हात घट्ट धरला.

हाल्मोनी खोलीत नव्हत्या. म्हणजे होत्या, पण पडद्यामागे. या विधीत नवरीकडच्या माणसांना जागा नसते, असा नियम त्या वर्षानुवर्षं दुसऱ्यांना बजावत आल्या होत्या. तो आता त्यांच्यावरच उलटला होता आणि त्यांनी निमूट पाळला होता.

मिका खाली बसू लागली आणि अर्ध्यात थांबली. कॅसेट अडकायची तिथेच.

समोर माणूस वाकून थांबला आहे हे पाहिल्यावर जपानी माणसाने काय करावं? ओगावा दांपत्याला वाटलं, आपली पाळी आली. दोघांनी जमिनीला कपाळ टेकवून परत नमस्कार केला. आपले वडील जमिनीवर पाहून केन्ता घाबरला आणि आणखी खाली गेला. त्याला खाली गेलेला पाहून ओगावा-सान वर येता येता पुन्हा वाकले. कोणीच आधी डोकं वर काढायला तयार नव्हतं. मिका तशीच अधांतरी, तिचा आणि त्या रेशमाचा सगळा भार माझ्या हातावर. ती अगदी हळू म्हणाली, "त्यांना आवडलं नाहीये का?"

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "उठा!"

सगळे उठले.

"तुम्ही नाही! तुम्ही बसा! मुलगी, तू पुढे जा!"

ओगावा-सानांनी मागे वळून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ढग, डोंगर आणि सारस होते. त्यांनी त्यातल्या एका सारसाला विचारलं, "आत कोण आहे?"

"कोणी नाही," सारस म्हणाला.

"आजी आहे," मिका म्हणाली.

ओगावा-बाईंनी पडदा बाजूला केला. हाल्मोनी ठेवणीतल्या रेशमी पोशाखात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या.

"बाहेर या ना," ओगावा-बाई म्हणाल्या.

"नवरीकडच्यांचं इथे काम नाही. आमच्यात पाचशे वर्षं..."

"पण आम्हाला यातलं काहीच येत नाही हो," ओगावा-बाई अगदी काकुळतीने म्हणाल्या. "आठवडाभर भीती वाटतेय. काही चुकलं तर तुमच्याकडचे लोक काय म्हणतील, असं मी ह्यांना रोज म्हणत होते."

मिकाने माझ्याकडे पाहिलं. दोन्ही घरं एकाच गोष्टीला घाबरून इतके महिने गप्प बसली होती.

हाल्मोनी बाहेर आल्या. पाचशे वर्षं एका स्टुलावरून उठली, आणि कोणाला काही झालं नाही.

पुढचा भाग म्हणजे आपलं बोरन्हाण आणि ओटी यांच्या मधलं काहीतरी. नवरानवरी एक पांढरं कापड ताणून धरतात आणि सासूसासरे त्यात बोरं आणि चेस्टनट टाकतात. जितकी झेलली तितकी मुलं. ओगावा-सानांनी एक बोर उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि मान लववून मिकाच्या कापडात ठेवलं.

"व्हिजिटिंग कार्ड आहे का ते?" हाल्मोनी ओरडल्या. "फेका!"

मग ओगावा-बाईंनी मूठ भरली. शाळेत असताना त्या सॉफ्टबॉलच्या संघात होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. पहिला चेस्टनट कोंबडीला लागला आणि कोंबडी टणकन वाजली. दुसरा माझ्या कानाला. मिका हसायला लागली, ते थांबेचना. डोक्यावरचा मुकुट तिरका झाला, आणि केन्ता कापड घेऊन झेल घ्यायला इकडून तिकडे धावत होता.

"थांबा, थांबा," ओगावा-बाई धापा टाकत म्हणाल्या. "फोटो. असाच. या कपड्यांत. आम्हाला दारासमोरच्या भिंतीवर लावायचाय."

मिकाने आजीकडे पाहिलं. हाल्मोनी म्हणाल्या, "मुकुट सरळ कर आधी."

हंस प्रथेप्रमाणे मिकाच्या घरी जायचे, पण तिचं घर एवढंसं, म्हणून ते त्सुकुबाला ओगावांकडे राहिले. पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही टोकियोतल्या हिगाशी-कसाईला राहायला गेलो. तिथे आजूबाजूला इतके मराठी लोक होते की कचरा कोणीच परत आणून देत नसे. त्यानंतर एकदा मिकाच्या मुलीला बघायला मी आणि हाल्मोनी बरोबर त्सुकुबाला गेलो. माझी त्यांची ती शेवटची भेट.

दार उघडल्यावर समोर फोटो होता, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. मिका हसत असलेली, केन्ता अर्धा चौकटीबाहेर, कोपऱ्यात माझा एक कान. खाली फळीवर हंस. निघताना हाल्मोनींनी पाहिलं, तर हंस एकमेकांकडे पाठ करून बसले होते. त्याचा अर्थ घरात भांडण. त्या चपला घालता घालता थांबल्या, एका पायावर तोल सांभाळत पुढे झुकल्या, आणि दोघांच्या चोची एकमेकींना लावून ठेवल्या. निळ्याची फीत घट्ट केली. लालच्या गळ्यातल्या गोंदाच्या कंठीवरून बोट फिरवलं. "आमच्यात असंच," त्या स्वतःशीच म्हणाल्या, टोपी डोक्यावर चढवली आणि बाळाला टाटा करायला फाटकाकडे गेल्या. उन्हात टोपीखालचे ते कुरळे केस, पाठीमागे हात, आणि शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या पिशवीकडे वळलेली नजर.

मी दारात बूट घालत होते. ओगावा-सान माझ्याजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "त्यांना सांगू नका. मी लग्नाच्या दिवसापासून मनात ठेवलंय."

"काय?"

"हे हंस नाहीत, बदकं आहेत," ते म्हणाले. "आणि शेपटीवरचं हे वर वळलेलं पीस फक्त नराला असतं."

मी वाकून पाहिलं. दोघांनाही होतं.